दोन गोळ्यांचा साखरपुडा

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा बेत कधी फसत नाही, असं श्रीपादराव स्वतःच सांगत. (दुसरं कोणी सांगत नसे!) त्या दिवशीचा बेत तर नामीच होता. लेकीचा, ईराचा साखरपुडा, जेवणात केशरी श्रीखंड आणि अंगात मधुमेह! तेव्हा सकाळी साखरेच्या गोळ्या एकाऐवजी दोन घ्यायच्या, दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवायचं आणि मग श्रीखंडावर मोकळं सुटायचं!

"अहो, गोळी घेतलीत, निदान पोहे तरी खा," अनसूयाबाई म्हणाल्या.

"पोह्यांनी जागा अडते!"

मुहूर्त अकराचा. इंदूरच्या मंडळींची जीप मात्र उज्जैनच्या वेशीवर, नानाखेड्यापाशी रुसून बसली. श्रीपादराव खिडकीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून खिडकीपर्यंत! बाराला हात थरथरू लागले. साडेबाराला भर जानेवारीत सदरा पिळून काढावा एवढा घाम. एकाला भिंतीवर दोन घड्याळं दिसू लागली, आणि दोन्हींत वेगवेगळी वेळ!

शेवटी मंडळी आली. पुढे नवरदेवाचे वडील भय्यासाहेब. इतके कडक, की घरात सुपारीलाही बंदी. मागे नवरदेव आल्हाद, कमरेला नवाकोरा पेजर. मंडळी भैरवगढी छापाच्या चादरीवर टेकतात न टेकतात तोच पेजर वाजला.

श्रीपादराव ताडकन उठले. "हे वाजणारं पार्सल कुणाचं? रसीद दाखवा!"

"बाबा, ते आल्हाद आहेत!" ईरा कुजबुजली.

"नाव नको, वजन सांग! आणि हळू उतरवा, जिवंत माल दिसतोय!"

शेजारचे व्यासजी सरबराईला आले होते. भोलेनाथाच्या हिरव्या प्रसादाचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव. त्यांनी श्रीपादरावांचे डोळे न्याहाळले.

"भाभीजी, भाईसाब ने गोली ली है क्या?"

"हाँ ना! रोज एक लेते हैं, आज मेहमान आनेवाले थे तो दो ले ली! वो भी खाली पेट!"

उज्जैनात गोळी म्हणजे एकच गोळी, भांगेची!

"रोज?" भय्यासाहेबांनी डोळे वटारले.

"दो?" व्यासजींच्या आवाजात निव्वळ आदर होता.

तेवढ्यात श्रीपादराव श्रीखंडाच्या पातेल्याकडे झेपावले.

"मीठा मत देना!" व्यासजी ओरडले. "मीठे से और चढ़ती है! नींबू चटाओ!"

दोघांनी हात धरले, व्यासजींनी लिंबू पिळलं. श्रीपादराव "गोड... गोड..." म्हणत राहिले. लोकांना वाटलं, लिंबाचंच कौतुक चाललंय!

"चला!" भय्यासाहेब गरजले. "भंगेड्याशी सोयरीक नाही!"

"भंगेडी? अहो, औषधाची गोळी ती!" अनसूयाबाई गोळ्यांची पट्टी शोधायला आत धावल्या. ईराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

श्रीपादरावांना एव्हाना दोन भय्यासाहेब, दोन ईरा आणि चार व्यासजी दिसत होते. पण पाटावरच्या ताटात रुपेरी कागदाचा साखरपुडा मात्र एकच, लखलखीत! त्यांनी हिसडा दिला, झडप घातली, दातांनी कागद टराटरा फाडला आणि बकाणेच्या बकाणे भरू लागले!

"अहो, मंत्र व्हायचाय!" दत्तात्रय गुरुजी किंचाळले.

निघालेली मंडळी एका पायात चप्पल घालून तशीच उभी. दहा-पंधरा मिनिटांत घाम ओसरला, दोन घड्याळांचं एक घड्याळ झालं. मिशांवरची साखर पुसत श्रीपादराव नम्रपणे म्हणाले, "नमस्कार भय्यासाहेब! कधी आलात? केव्हाची वाट पाहतोय!"

अनसूयाबाई पट्टी नाचवत बाहेर आल्या. "हे बघा! साखर उतरवायची गोळी! उपाशीपोटी दोन घेतल्या, साखर पार तळाला गेली!"

आल्हादनं पट्टी वाचली आणि खो खो हसत चप्पल काढली.

"दवाई थी?" व्यासजींचा चेहरा साफ पडला.

गुरुजींनी स्वयंपाकघरातली साखर भरून पुडा पुन्हा बांधला, मुहूर्तही नवा काढला. ईराच्या ओटीत पुडा पडला तेव्हा कुठे श्रीपादरावांचा जीव भांड्यात पडला.

पंगतीत मात्र त्यांच्या पानात पोळी आणि दुधीची भाजी!

"अगं, श्रीखंड?"

"तुमचं गोड झालंय मघाशी!"

शेजारच्या पाटावरून भय्यासाहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हळूच वाकले. "व्याही, घरातलेच झालात म्हणून विचारतो. ती दुसरी, हिरवी गोळी... आमच्या इंदुरात चांगली मिळत नाही हो!"

श्रीपादरावांनी व्यासजींकडे बोट दाखवलं.