ब्रोमीनचा निरोप समारंभ

निरोप समारंभ झाल्याशिवाय आपण कार्बनला सोडणार नाही, असं ब्रोमीननं सोमवारी सकाळी हेमलता नारकर यांना स्पष्ट सांगितलं.

हेमलताताई खाडीकाठच्या एका औषध कारखान्यात रसायनतज्ज्ञ. त्यांच्या काचेच्या मोठ्या भांड्यात ब्रोमीननं कार्बनचा हात सोडायचा, आयोडीननं तो धरायचा, की फिट येण्यावरचं औषध पुढच्या पायरीला लागायचं. रोजचंच काम. पण यावेळी बाजारातलं औषध संपलं होतं आणि ताईंच्याच घरी राहणाऱ्या भाच्यानं, मयूरेशनं, शेवटची पट्टी उघडली होती.

"अहो ब्रोमीनराव, आजवर तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत!"

"जाणार नाही असं कुठं म्हणतोय, ताई? तो फ्लोरीन बघा. एकदा बसला की ढिम्म हलत नाही, आणि सगळे त्याला वचकून असतात. आम्ही मुकाट्यानं उठतो, तर वळून कोण बघतं? माणसांना मात्र शाल-श्रीफळ."

म्हणणं रास्त होतं. खोटं कशाला बोला, जायच्या वेळी नीट जाणारा लाखात एक. व्यवस्थापक पाटकरसाहेबांनीही मान डोलावली. "सेवा समाधानकारक आहे. मागणी नियमात बसते," ते म्हणाले. शाल आली, नारळ आला, आणि बुधवारी दुपारी भांड्यातच कार्यक्रम ठरला.

काय थाट होता म्हणता! कार्बनचे बाकीचे सोबती सजून आले. ज्यात हे सगळे विरघळलेले, ते ॲसिटोन तर भांडंभर होतंच, तेही झाडून हजर. पाटकरसाहेबांनी भांड्याच्या तोंडाशी उभं राहून भाषण सुरू केलं. तेवढ्यात कुणाला तरी ग्रुप फोटोची हौस आली. झालं! ब्रोमीनला पुढं बसवलं आणि सगळी मंडळी कार्बनच्या पाठीमागं खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

इथंच घोळ झाला. या कामात नवा येतो तो पाठीमागूनच. तो मागून शिरतो त्याच क्षणी जुना पुढून उठतो. आधी निरोप, मग रुजू, अशी कचेरीसारखी सोय इथं नाही. आयोडीन आला, धिप्पाड गडी, आणि बघतो तर मुंगीला शिरायला जागा नाही.

"जरा सरका हो," तो म्हणाला.

"फोटो होऊ दे, मग बघू!" मागच्या रांगेतून उत्तर आलं.

भांडं तापत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर अख्खा माल करपला असता. पाटकरसाहेबांचं भाषण अजून ब्रोमीनच्या समुद्रातल्या बालपणातच होतं. ताईंना रडू फुटलं.

"अहो, घरी माझं पोर आहे हो! त्याचं औषध अडलंय!"

ब्रोमीननं ते ऐकलं. त्यानं अंगावरची शाल काढली आणि घडी घालून बाजूला ठेवली.

"साहेब, भाषण पुरे. आणि मंडळी, माझं कौतुक करायला आलात ना? मग पांगा आधी!"

मंडळी ओशाळून बाजूला झाली. आयोडीन पाठीमागून पुढं सरकला. "दादा, मलाही इथं कायमचं राहायचं नाही," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासारखं उठता यावं, एवढंच."

ब्रोमीन हसला आणि उठला. वाऱ्यात छत्री उलटावी तसे कार्बनचे बाकीचे तिन्ही सोबती उलट्या बाजूला झुकले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

जाताना ब्रोमीननं त्याला कार्बनशी बांधणाऱ्या जोडीचे दोन्ही इलेक्ट्रॉन नेले, तो त्याचा हक्कच. आयोडीनला पोचवायला आलेला सोडियम एकटाच घुटमळत होता. दोघांची गाठ पडली आणि पांढरं मीठ होऊन ते तळाशी जाऊन बसले.

ताई भांड्यापाशी वाकल्या. केवढं मन या जिवाचं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

"ब्रोमीनराव, बरे आहात ना? तुमचा फोटो राहिलाच की हो."

"राहू द्या. हा सोडियम फारसा बोलत नाही, पण जागा करून देतो. पोराचं औषध होईल ना आता?"

"होईल."

"मग आम्हाला गाळून टाका, ताई. उगाच अडचण कशाला?"

ताईंनी हात जोडले, डोळे पुसले आणि गाळणी लावली.