मधला सापडत नाही

ताईच्या दातांच्या दवाखान्यासाठी नंबर पुकारायचा प्रोग्रॅम मी एका रविवारात लिहिला. एका रविवारात! लोक याला सहा महिने लावतात आणि वर तोंड करून पैसे मागतात.

आवाजासाठी मी एक फुकटची लायब्ररी जोडली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणी परोपकारी मंडळींनी लिहून जगाला वाटलेला तयार कोड. फुकट दिलं की ऐकवायचा हक्क मिळतो, तसं या बयेचं होतं. 'नंबर चार' एवढे दोन शब्द उच्चारण्याआधी ती नसलेले मागचे-मधले स्पीकर शोधत पडद्यावर वीस ओळींचं रडगाणं लिहायची. हे सापडलं नाही, ते उघडलं नाही! आवाज मात्र खणखणीत, म्हणून मी काणाडोळा केला.

पण तो पडदा ताईने बाहेर पेशंटांसमोरच लावला होता.

सोमवारी तिथे एक निवृत्त हेडमास्तर सुजलेला गाल धरून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या इंग्रजी ओळींचं मोठ्याने भाषांतर सुरू केलं.

"मागचा सापडत नाही. मधला सापडत नाही."

"दात?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. पुढे म्हणतात, चालू नाही आणि चालू करताही येणार नाही."

"अगंबाई! आत गेलेला माणूस?"

तिघे उठून गेले. चौथ्याने तर जिना एका दमात उतरला!

ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या त्या यंत्राचं तोंड बंद कर, नाहीतर मी तुझं करते! भूल न देता!"

लायब्ररीच्या माहितीपत्रकात उपाय होता: तक्रारी आधी आपल्याकडे घ्या, कामाच्या ठेवा, बाकीच्या टाका. मी काय पालेभाजी निवडायला बसलोय? मी प्रोग्रॅमच्या एकूण एक तक्रारींची वाटच बंद केली. एका ओळीत! पडद्यावर नुसता नंबर उरला.

बुधवारी रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरमधली स्पीकरची पिन उपटून तिथे स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावला. आवाज निघेना, म्हणून प्रोग्रॅम तीन नंबरावरच अडून बसला. एका शब्दाने कुरकुरला नाही. तीन नंबरवाले गृहस्थ मागच्या दाराने केव्हाच घरी गेले होते. आत ताई पुढच्या नंबराचं बटण दाबून दाबून थकली. आजही सगळे पळाले असं समजून तिने शब्दकोडं काढलं. बाहेर अकरा माणसं दीड तास पडद्यावरच्या तीनच्या आकड्याकडे बघत बसली.

"फारच अवघड दाढ दिसते," सोमवारच्या त्याच बाई कुजबुजल्या.

दुसऱ्या भेटीला आलेल्या हेडमास्तरांना राहवेना. त्यांनी आतलं दार ढकललं. "डॉक्टर, ते तीन नंबर..."

"ते? ते केव्हाच गेले!" कोड्यातून मान वर न करता ताई म्हणाली.

हेडमास्तर सावकाश मागे वळले. "गेले," ते सर्वांना म्हणाले. "आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही!"

अर्ध्या मिनिटात दवाखाना रिकामा!

ताईने मला फोनवर जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. मी त्याच तिरीमिरीत लायब्ररीवाल्यांना खरमरीत पत्र धाडलं: 'आवाज बंद पडला तर साधी सूचना देण्याची अक्कल तुमच्या कोडला नाही?'

तासाभरात नम्र उत्तर आलं. 'आवाज बंद पडल्याचं आमची लायब्ररी त्याच क्षणी कळवते. आपण तिला कळवू दिलं होतंत का?'

हे उत्तर मी ताईला दाखवलेलं नाही. लायब्ररीवाले फार उद्धट आहेत, एवढंच सांगितलंय.