पिताजींची उंगली

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरखाली उभी असलेली गाडी सुनंदाच्या बाबांची. १९६३ सालची, जर्मन, पाठीवर कुबड असल्यासारखी. बाबा गेले तेव्हा भावांनी फ्लॅट घेतला, बहिणीने दागिने घेतले आणि सुनंदाने ही गाडी घेतली. दिल्लीत जुन्या गाड्यांना भंगाराची वाट दाखवायची मोहीम निघाली, तेव्हा तिने धावपळ करून गाडीसाठी ‘विंटेज’चा अर्ज केला. तपासणी वीस तारखेला. अट एकच, गाडी आपल्या पायांनी यायला हवी. टो करून आणलीत तर तिथूनच भंगारात.

आणि चार तारखेला गाडी बंद पडली. तीही कुठे, तर पानिपतला! मराठी माणसाचं तिथे दुसरं काय व्हायचं?

“रोटर गया जी,” गाडी ओढून घरी आणल्यावर इंद्रजित मिस्त्रीने बोटाएवढा, तडा गेलेला काळा तुकडा दाखवला. “इंजिनमें करंट यही बाँटता है. इंडियामें नहीं मिलेगा. जर्मनीसे मँगाओ.”

उत्तराने, म्हणजे मुलीने, रात्रीत इंटरनेटवरून एक जर्मन म्हातारा शोधला. गॅरेज रिकामं करत होता बिचारा. त्याने जुना पण धडधाकट रोटर लगेच पाठवला. इथवर सगळं सुरळीत झालं, कारण इथवर सूर्यकांतरावांनी कशालाच हात लावला नव्हता.

सूर्यकांतराव म्हणजे सुनंदाचे यजमान. केंद्र सरकारात राजभाषा अधिकारी. नगरहून दिल्लीला येऊन या गृहस्थाने दिल्लीवाल्यांना तीस वर्षं हिंदी शिकवली होती. अनुवादासाठी मिळालेल्या तीन शील्ड घरात टीव्हीवर मांडलेल्या होत्या, त्यामुळे टीव्हीचा वरचा भाग कुणाला दिसत नसे. कस्टमचा फॉर्म आला तसा त्यांनी पेन उघडलं.

“बाबा, सिंपल रोटर लिहा ना यार,” उत्तरा म्हणाली.

“रोटर हा शब्द आहे का? बिलावर काय लिहिलंय बघ. फरटायलरफिंगर. फरटायलर म्हणजे वितरक. फिंगर म्हणजे जर्मनमध्येही बोटच!” आणि सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं : ‘वितरक की उँगली, पुरानी, एक नग.’

पाच दिवसांनी पत्र आलं. ‘आपके पार्सल में मानव अंग होने की सूचना है. मृतक से संबंध, मृत्यु प्रमाणपत्र तथा स्वास्थ्य विभाग की अनापत्ति प्रस्तुत करें.’

सुनंदाने कपाळाला हात लावला. सूर्यकांतरावांनी फोन लावला.

“अजी, पार्सल खोलकर देखिए ना! प्लास्टिकका टुकड़ा है!”

“कैसे खोलें, सर? अंग है. डॉक्टरके सामने खुलेगा.”

“तो डॉक्टर बुलाइए!”

“डॉक्टर पूछता है, बॉडी कहाँ है.”

तिथल्या साहेबांनी मग हुशारी केली. हा शब्दाचा घोळ असावा, असं वाटून त्यांनी भाषेच्या जाणकाराचं मत मागवलं. जाणकार म्हणजे राजभाषा विभाग. सोळा तारखेला ती फाईल फिरत फिरत सूर्यकांतरावांच्याच टेबलावर आली. प्रश्न एका ओळीचा होता : ‘उक्त अनुवाद शुद्ध है अथवा अशुद्ध?’

संध्याकाळी हे ऐकून सुनंदा देवापुढे साखर ठेवायला निघाली. “अहो, सुटलो! ‘अशुद्ध’ लिहिलंत ना?”

सूर्यकांतराव चहात बिस्कीट बुडवत राहिले. बिस्कीट तुटून खाली बसलं.

“काय लिहिलंत?”

“शुद्ध आहे तर शुद्धच लिहिणार. माझ्या सहीने खोटं कसं लिहू?”

“माझ्या बाबांची गाडी भंगारात जाईल हो!” सुनंदाचा आवाज चिरकला. “त्यांनी मला याच गाडीतून तुमच्या घरी आणून सोडलं. तेव्हाच रिव्हर्स घ्यायला हवी होती!”

अठरा तारखेला ती एकटीच कस्टमच्या ऑफिसात गेली, भांडायच्या तयारीने. तीन खिडक्या फिरली. चौथ्या खिडकीतल्या बाबूने फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, “बहनजी, किसकी उँगली है?”

“पिताजीकी...” सुनंदा म्हणाली. पुढे ‘गाड़ीकी’ म्हणायचं होतं. पण ‘पिताजी’ म्हणताच इतक्या दिवसांचं सगळं दाटून आलं आणि पुढचा शब्द फुटेना. डोळे मात्र वाहायला लागले.

बाबू ताडकन उभा राहिला. मागचे चौघेही उभे राहिले.

“पिताजी दस दिनसे रॅकपर पड़े हैं, और किसीने बताया नहीं?” तो मागे वळून ओरडला. “शर्मा, पानी ला बहनजीके लिए!”

सुनंदाने रडता रडता परिस्थिती ओळखली आणि ‘गाड़ीकी’ हा शब्द गिळून टाकला. दहा मिनिटांत पाच शिक्के पडले. डॉक्टर नको, प्रमाणपत्र नको. कुणीतरी गणपतीच्या फोटोवरचं झेंडूचं फूल काढून पार्सलवर ठेवलं. बाबूने तिचा नंबर मागून घेतला आणि ती दारातून बाहेर पडेपर्यंत सगळं ऑफिस हात जोडून उभं होतं.

इंद्रजितने एकोणीसला उंगली बसवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. सूर्यकांतराव अंगणभर मिरवत होते. “बघितलंस? रोटर लिहिलं असतं तर अजून तिथेच लोळत असतं!”

चिडायची गोष्ट ही, की ते खरं होतं; साधी पार्सलं तिथे महिनोन्महिने पडून होती. सुनंदाने तपासणीचा फॉर्म तेवढा त्यांच्या हातून ओढून घेतला आणि स्वतः भरला.

वीसला गाडी पास झाली. परत येताना फोन वाजला. कस्टमचा बाबू होता. “बहनजी, पिताजीका सब ठीकसे हो गया?”

सुनंदाने डॅशबोर्डवरून हात फिरवला. “हाँ जी,” ती म्हणाली. “पिताजी चल पड़े.”

फोन ठेवल्यावर स्टिअरिंगवरून सूर्यकांतराव म्हणाले, “‘प्रस्थान कर गए’ म्हणायला हवं होतंस.”