साहेबांचा डावा गाल

दातांच्या डॉक्टरांना महागाईशी कधी देणंघेणं नव्हतं. भाजी कितीला झाली हे बायकोला ठाऊक असायचं, डॉक्टरांना फक्त ती खारट झाली की कळायची. पण गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या नादी लागून त्यांनी दवाखान्याच्या नव्या खुर्चीसाठी बाजूला काढलेले पैसे गुपचूप क्रिप्टोत, म्हणजे फोनवरच्या एका आभासी नाण्यात घातले, आणि तेव्हापासून महागाई त्यांच्या डोक्यात भुंग्यासारखी गुणगुणायला लागली.

जुनी खुर्ची मात्र तशीच राहिली. तिला एक खोड होती. वर चढवून ठेवली की ती हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता खाली बसायची. पेशंट खाली जायचा, त्याच्या तोंडामागे डॉक्टर वाकत जायचे, आणि दाढ भरून होईपर्यंत दोघंही जवळजवळ जमिनीला टेकायचे. "नवी खुर्ची कधी येणार?" असं बायको काउंटरवरून विचारायची. "येतेय, येतेय," डॉक्टर म्हणायचे.

त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. तो त्यांनी मेव्हण्याला फोनवर अनेकदा विचारून पाहिला होता.

"अरे, महागाई वाढली की आपलं नाणं पडतं म्हणतोस. पण का? टोमॅटो महाग झाले, तर त्यात माझ्या नाण्याचा काय दोष? मी काय नाणं देऊन टोमॅटो घेणारय?"

"भाऊजी, ते ग्लोबल असतं," मेव्हणा म्हणायचा. यापलीकडे तोही कधी गेला नव्हता.

त्या दिवशी दुपारी महागाईचा नवा आकडा येणार होता आणि संध्याकाळी देशाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख व्याजदरावर बोलणार होते. आकडा आला की लगेच कळवायचं, असं मेव्हण्याला बजावून डॉक्टर कामाला लागले. तेवढ्यात गालाला रुमाल दाबून एक सुटाबुटातले गृहस्थ आत आले. अर्धा चेहरा रुमालात, उरलेला वेदनेत.

"नाव?" बायकोनं विचारलं.

"दाढ..." गृहस्थ कण्हले.

बायकोनं कार्डावर 'श्री. दाढे' असं लिहिलं आणि त्यांना आत पाठवलं.

डाव्या बाजूची खालची दाढ पार पोखरलेली होती. डॉक्टरांनी भुलीची सुई दिली, गालात कापूस कोंबला आणि भूल चढेपर्यंत पेशंटशी गप्पा मारायला घेतल्या. ज्याला उत्तर देता येत नाही त्यालाच प्रश्न विचारायचे, हा दातांच्या डॉक्टरांचा जुना शिरस्ता.

"दाढेसाहेब, तुम्ही शिकलेसवरलेले दिसता. मला एक सांगा, महागाई वाढली की क्रिप्टो का पडतं हो?"

दाढेसाहेबांचे डोळे एकदम चमकले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हा प्रश्न खऱ्या कुतूहलानं विचारत होतं, असं काहीतरी त्या नजरेत होतं. त्यांनी उत्साहानं काहीतरी सांगितलं. बाहेर आलं ते फक्त "आँ, आँगाई, आज!"

"आज? आज काय?"

"याज!"

"व्याज?"

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. मग त्यांनी ट्रेमधल्या दोन वाट्या पुढे ओढल्या. कापसाचे सगळे बोळे एका वाटीत टाकले आणि डॉक्टरांच्या फोनकडे बोट दाखवलं. ही नाण्याची वाटी. मग बोट वर वर नेलं, म्हणजे महागाई चढली. त्यामागोमाग दुसरं बोटही वर नेलं, म्हणजे बँकेनं व्याज चढवलं. आणि मग एकेक बोळा उचलून त्यांनी दुसऱ्या वाटीत टाकला, दोन्ही हात उजव्या गालाखाली घेतले आणि डोळे मिटून निवांत झोपल्याचं सोंग केलं.

डॉक्टर बघतच राहिले. "म्हणजे महागाई आवरायला बँक व्याज वाढवणार. मुदत ठेवीवर बसल्या जागी चांगलं मिळायला लागलं की माणूस म्हणणार, कशाला जीव टांगणीला लावू? नाणं विकतो आणि सुखानं झोपतो. असंच ना?"

साहेबांनी अंगठा दाखवला.

"आणि व्याज उतरलं तर उलटं! ठेवीत काही मिळेना, कर्ज स्वस्त, म्हणून पैसा सैरावैरा नाण्याकडे!"

साहेबांनी आनंदानं बोळ्यांवर फुंकर मारली. ओठ बधिर असल्यामुळे फुंकर तिरकी गेली आणि कापूस डॉक्टरांच्या चष्म्यावर येऊन बसला. पण डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. जे मेव्हण्याला महिनाभरात सांगता आलं नाही, ते या माणसानं तोंड न मिटता सांगितलं होतं.

"मग आज संध्याकाळी ती बँक काय करेल, साहेब?"

साहेबांनी पहिल्यांदाच तोंड घट्ट मिटलं.

दाढ अजून थोडी जाणवत होती, म्हणून डॉक्टरांनी दुसरी सुई घेतली. ती आत जातेय न जातेय तोच काउंटरवरचा फोन वाजला आणि बायकोचा आवाज आला.

"अहो, माझा भाऊ म्हणतोय महागाई वाढली, नाणं आपटलं! कुणाचं नाणं? कसलं नाणं?"

डॉक्टर दचकले. नेमक्या त्याच क्षणी खुर्चीही नेहमीसारखी बोटभर खाली बसली. पेशंट खाली गेला, सुई जायची तिथून जरा मागे गेली आणि औषध भलतीकडे उतरलं.

दाढ छान भरली गेली. पण साहेब उठून उभे राहिले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती.

"जरा हसून दाखवता?"

साहेब हसले. उजवी बाजू हसली, डावी दुखवट्यालाच बसून राहिली.

"डोळे मिटा बरं."

उजवा मिटला, डावा उघडाच.

"घाबरायचं कारण नाही," डॉक्टर घाबरून म्हणाले. "भुलीचं औषध चेहऱ्याच्या नसेपाशी गेलंय. दोन-तीन तासांत उतरेल. तोवर डोळ्यावर पट्टी लावतो, तुम्ही कुणासमोर जाऊ नका, बोलू नका."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, हताशपणे मान हलवली, पट्टी नको अशी खूण केली आणि बाहेर उभ्या असलेल्या लांबलचक गाडीत बसून ते निघून गेले.

आता बायको समोर उभी होती. डॉक्टरांनी सगळं कबूल केलं.

"म्हणजे खुर्ची नाण्यात गेली," ती म्हणाली. "निदान ही खुर्ची हळूहळू तरी खाली जाते हो!"

संध्याकाळी डॉक्टरांनी वेटिंग रूममधला टीव्ही लावला. पडद्यावर मध्यवर्ती बँकेचे प्रमुख माईकसमोर येऊन बसत होते.

"अहो," बायको किंचाळली, "हे तर आपले दाढे!"

डॉक्टर मटकन बाकावर बसले.

साहेबांनी बोलायला सुरुवात केली. शब्द सगळे तोंडातून निघत होते, पण पोचत एकही नव्हता. "याजदरात... अदल..." एवढं ऐकू आलं. पुढे 'आहे' की 'नाही', ते गालातच विरलं. मग एक पत्रकार काहीतरी विचारत असताना साहेबांनी सहज पापण्या मिटल्या. म्हणजे मिटायला गेले. एकच मिटली.

"साहेबांनी डोळा मारला!" निवेदिका ओरडली. "त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट हसू आहे! व्याजदर कपातीचा हा संकेत समजायचा का?"

हा चॅनेल साहेबांना उजव्या बाजूनं दाखवत होता. क्षणात नाणं उसळलं. फोन वाजला.

"भाऊजी, चढलं! घ्या अजून!"

बायकोनं चॅनेल बदलला. या चॅनेलचा कॅमेरा डावीकडे होता. इथं एक तज्ज्ञ अत्यंत गंभीर आवाजात सांगत होते, "इतका खचलेला चेहरा मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेला नाही. मोठी दरवाढ अटळ आहे." साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि तो डाव्या कोपऱ्यातून सरळ कोटावर ओघळला. तज्ज्ञ हळहळले. "बघा, हात थरथरतायत."

नाणं कोसळलं. पुन्हा फोन.

"भाऊजी, पडलं! विका, विका!"

"अरे, काय झालंय ते मला माहितीये," डॉक्टर कळवळून म्हणाले.

"काय माहितीये?" मेव्हण्याचा आवाज मधाळ झाला. "भाऊजी, आतली बातमी आहे? सांगा ना. दोघं मिळून सोनं करू."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. चढलेलं उतरेल, उतरलेलं चढेल, आणि भूल गेली की हे सगळं थांबेल, हे जगात फक्त त्यांना कळत होतं. एवढं ज्ञान त्यांना आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं. खुर्चीच काय, अख्खा दवाखाना नवा झाला असता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"पेशंटच्या तोंडातली गोष्ट बाहेर सांगायची नसते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बायकोनं उठून त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. लग्नानंतर इतक्या आपुलकीनं तिनं चहा क्वचितच दिला असेल.

अंधार पडता पडता साहेब पुन्हा पडद्यावर आले. आता दोन्ही गाल एकमेकांच्या रांगेत होते. ठणठणीत आवाजात ते म्हणाले, "व्याजदरात बदल नाही. दुपारी माझ्या दाढेवर उपचार झाले. माझ्या चेहऱ्यावरून कृपया कुणी कोणताही अर्थ काढू नये." नाणं मुकाट्यानं सकाळच्या भावाजवळ येऊन बसलं. मेव्हण्यानं मात्र साहेबांनी डोळा मारल्यावर घेतलं होतं आणि पाणी सांडल्यावर विकलं होतं. त्याचा फोन नंतर आला नाही. डॉक्टरांनी त्याच रात्री, बायकोच्या देखत, होतं तेवढं सगळं विकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले, तर बाहेर रांग लागलेली. सगळे सुटात, सगळ्यांच्या हातात दोन-दोन फोन. पहिला तरतरीत गृहस्थ खुर्चीत येऊन बसला.

"कुठली दाढ दुखतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाढ वगैरे काही नाही हो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मी बाजारविश्लेषक आहे. आमच्या एका माणसानं काल साहेबांची गाडी इथं पाहिली. फक्त एवढंच सांगा, त्यांची पुढची तारीख कधी?"

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"कशाला?"

"करा तर खरं."

त्यानं आ केला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, आरशानं कोपरान् कोपरा पाहिला आणि पोखरलेल्या एका दाढेपाशी थांबून सुस्कारा सोडला.

"त्यांचं मला काही सांगता येणार नाही," ते सुई भरत म्हणाले. "तुमची मात्र आत्ताच आहे."