रिव्हर्समधली खुर्ची

ड्रायव्हरकाकांनी चौतीस वर्षं बस चालवली. या काळात त्यांच्या बसखाली मुंगीसुद्धा आली नाही म्हणतात. मुंग्याच बाजूला उभ्या राहून त्यांना वाट देत! जेव्हा काकूंचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि घरात चाकांची खुर्ची आली, तेव्हा काका छाती फुगवून म्हणाले, "चार चाकं माझ्यावर सोडा."

काकूंना चार वाजता उताराखालच्या हॉलमध्ये पोचायचं होतं. कॅरमचा अंतिम सामना. समोर औषधांच्या दुकानातल्या बाई. त्या तीन वर्षं ओळीनं काकूंना हरवत आल्या होत्या. पाच मिनिटं उशीर झाला की न खेळताच हार, असा नियम.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उतारावर खुर्ची उलटी न्यायची. तुम्ही खालच्या बाजूला, काकूंची पाठ तुमच्याकडे. सावकाश मागे चालायचं."

"म्हणजे रिव्हर्स!" काकांचा चेहरा उतरला. "कंडक्टरशिवाय रिव्हर्स? अगं, सस्पेंड करतील मला!"

"अहो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तुम्हाला."

पण नियम तो नियम. काकांनी शेजारच्या शिंप्याला शिवणयंत्रावरून उठवलं आणि कंडक्टर नेमलं. पावणेचारला गाडी सुटली. शिंपी खाली उभा राहून हात हलवू लागला, "येऊ द्या, येऊ द्या! थोडं डावीकडे! येऊ द्या!"

काका पावलापावलानं मागे येत होते. अगदी झकास चाललं होतं. पण खालच्या गल्लीतून गाद्यांनी भरलेला एक टेम्पो बाहेर पडायला बघत होता. टेम्पोवाल्यानं "येऊ द्या" ऐकलं. एवढ्या प्रेमानं आपल्याला कोण बोलावतंय म्हणून तो खुशीत रिव्हर्स घेऊन उतार चढू लागला!

वरून खुर्ची उलटी, खालून टेम्पो उलटा, मधे शिंपी, आणि तो दोघांनाही मनापासून बोलावतोय! पाठीला गरम धूर लागला तेव्हा त्याला उमगलं.

"थांबाऽऽ!"

दोन्ही गाड्या थांबल्या. टेम्पोचा ब्रेक असा लागला की वरची गादी सुटली आणि थेट काकांच्या डोक्यावर येऊन पसरली. काकांनी अंधारात चाचपडून ब्रेक ओढला. बसला एकच असतो, म्हणून एकच ओढला. खुर्चीला दोन होते! अडलेल्या चाकाभोवती खुर्ची गर्रकन फिरली आणि पुढची लहान चाकं गटाराच्या जाळीत रुतली. काकूंनी दुसरा ब्रेक स्वतःच ओढला, पदर सारखा केला आणि विचारलं, "किती वाजले?"

"वहिनी, चाराला आठ कमी!" शिंपी म्हणाला.

गादीखालून काकांची गर्जना आली, "कुणी काही हलवायचं नाही! अपघात झालाय! आधी पंचनामा!"

"कसला अपघात काका? गादी पडली नुसती," टेम्पोवाला म्हणाला.

"दोन वाहनं, एक जखमी!"

"जखमी कोण?"

"मी!"

टेम्पोवालाही पेटला. "मग लिहाच! मला बोलावलं कुणी, तेही लिहा!" झालं. एक खडू आला. काका गादी बाजूला सारून टेप मागू लागले, आणि ती शिंप्याच्या गळ्यातच होती. काका आणि टेम्पोवाला रस्त्यावर वाकून चाकांपासून जाळीपर्यंतचं अंतर मोजू लागले.

काकू हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मागे खाली आडवी नळी आहे बघा. तिच्यावर पाय दाबा आणि खुर्ची माझ्यासकट मागे कलवा."

शिंप्याचा जन्म पायडल मारण्यात गेलेला. त्यानं असा नेमका पाय दिला की लहान चाकं जाळीतून लोण्यासारखी वर आली. काकूंनी दोन्ही ब्रेक सोडले. खुर्ची वळली, उलटी झाली आणि मान वळवून मागे चालणाऱ्या शिंप्याबरोबर टेम्पोला वळसा घालून, कंडक्टरच्या घंटीशिवायच उतार उतरली. हॉलच्या पायरीपाशी सुलटी करून पुन्हा तोच पाय. आधी लहान चाकं वर, मग मोठी. आत!

इकडे काका ताठ उभे राहिले. "आता नुकसान झालेलं वाहन दाखवतो," म्हणून त्यांनी ऐटीत मागे हात केला.

मागे नुसती जाळी होती.

ते धावत हॉलपाशी पोचले. दार बंद. दारवाला म्हणाला, "सामना सुरू झाल्यावर कुणाला आत सोडत नाही. नियम आहे."

नियम तो नियम! काका बसले पायरीवर. आतून सोंगट्यांची टकटक येत होती. तासाभरानं टाळ्या कडाडल्या.

"कोण?" काकांनी चाचरत विचारलं.

दारवाल्यानं फटीतून पाहिलं. "खुर्चीतल्या बाई. राणी घेऊन जिंकल्या. काय खेळल्या हो! बघायला हवं होतं तुम्ही."

तेवढ्यात टेम्पोवाला कागद घेऊन हजर. "काका, पंचनामा पूर्ण झाला. फक्त नुकसान लिहायचं राहिलंय. काय लिहू?"

काकांनी बंद दाराकडे पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले, "एक अंतिम सामना."