नाव राहू द्या, पत्ता सांगा

दिगूमामांना कुणी स्वतःचं नाव सांगायला लागलं, की ते हात वर करून त्याला थांबवतात. "नाव राहू द्या. पत्ता सांगा." समोरचा भाबडेपणाने पत्ता सांगतो. तोवर मामांनी खिशातून आधी चष्मा आणि मग मोबाइल काढलेला असतो. दोन मिनिटांत ते त्या बिचाऱ्याला त्याच्याच घराची माहिती द्यायला लागतात. जागा किती, बांधकाम किती, आधी कुणाचं होतं, आता कुणाकुणाच्या नावावर आहे. एवढं झालं की मामांच्या दृष्टीने ओळख पूर्ण होते. नाव विचारायचं राहूनच जातं.

लातूरच्या आमच्या गल्लीत मामा माझे भिंतीला भिंत शेजारी. मी शिकवतो त्याच शाळेत कारकून होते, निवृत्त झाले. मामी गेल्या, मुलगा पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीत आला आणि वडिलांच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून गेला. पत्ता टाकला की त्या घराचा उतारा, नकाशा, जुने फेरफार सगळं पुढ्यात. बाबांचा वेळ जाईल, असं त्याला वाटलं. बाबांचा गेलाच, वर आमचाही जायला लागला.

सुरुवात माझ्यापासून झाली. एका सकाळी मी अंगणात दात घासत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, नकाशापरमाणं तुमची तुळस माझ्या हद्दीत हाय. दोन वीत."

मी घाबरून विचारलं, "मग काढू का?"

"राहू द्या. पाणी मात्र तुम्हीच घालत जा."

मामांची एक गोष्ट मला कळायची नाही. कुणाचंही घर उघडलं, की सगळं वाचून झाल्यावर ते एकच प्रश्न विचारणार, "लेकीचं नाव हाय का?" असलं तर म्हणणार, "शाणा माणूस हाय." नसलं तर नुसतं "हां" म्हणून फोन खिशात. लोकांच्या लेकीबाळींशी यांना काय करायचंय, असं मला वाटे. भोचकपणालाही काही मर्यादा असते.

त्यातच माझ्या पुतणीला नांदेडचं स्थळ आलं. वडीलधारं माणूस म्हणून मामांना बसवलं, ही चूक आमचीच. मुलाच्या वडिलांनी नमस्कार करून नाव सांगायला तोंड उघडलं आणि मामांचा हात वर गेला. "नाव राहू द्या. पत्ता सांगा."

"पाण्याच्या टाकीसमोर," ते म्हणाले आणि भागाचं नाव सांगितलं. "कुणालाबी इचारा."

आपल्याकडे पत्ता असाच सांगतात. मामांनीही तो तसाच्या तसा टाकला. पोह्यांच्या बशा आल्या. मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "पावनं, तुमचं घर सरकारी दिसून राहिलं."

पाहुण्यांचा घास हातातच राहिला.

"अन् नकाशात गोल हाय. जिना हाय, पण खोली एकबी न्हाई."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. माझा भाऊ माझ्याकडे असा बघत होता, जणू मामांना मीच जन्माला घातलंय. शेवटी मुलगाच उठला आणि मोबाइलमध्ये डोकावला. "आजोबा, ही टाकी हाय. आमचं घर समोर हाय."

"मग समोरचं बघू," मामा जराही न लाजता म्हणाले. त्यांनी बोट सरकवलं, वाचलं आणि एकदम सरळ बसले. "सर, हितं बापानं पोराबरोबर लेकीचंबी नाव लावलंय. डोळे झाकून द्या पोरगी."

लग्न जमलं. नवरदेव मामांना अजून टाकीवाले आजोबा म्हणतो.

मामा रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की स्वतःच्याच घराचा पत्ता टाकून बघत. मी चिडवायचो, "मामा, घर कुठं गेलं होतं का?" ते म्हणत, "बघून राहिलो." त्यापुढे बोलत नसत.

श्रावण लागला आणि एका सकाळी मामा माझ्या दारात उभे. मोबाइल माझ्यापुढे धरलेला. "सर, हे वाचा. माझा माझ्या डोळ्यावर भरोसा न्हाई."

मामांच्या घराच्या उताऱ्यावर दोन नावं होती. एक मामांचं. दुसरं सोजरबाई.

"माझी अक्का," मामा म्हणाले. "किनवटला दिलेली. बाप गेल्यावर समदे म्हणले, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घे, रीत हाय. मी तिला हापिसात नेलं. तिनं काय इचारलं न्हाई. अंगठा पुढं करून म्हणली, दिगू, कुठं लावू? मी जागा दावली अन् एक लुगडं घेऊन दिलं."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"आता दाजी न्हाईत. दर पंचमीला मी मुराळी जाऊन तिला आणतो. चार दिस राहती. अन् ह्या घरात जन्मलेली बाई मला इचारती, दिगू, च्यात टाकायला साखर घेऊ का?" मामांनी चष्मा पुसला. "उन्हाळ्यात अर्ध्या घराचं बक्षीसपत्र केलं तिच्या नावानं. पंचमीच्या आत उताऱ्यावर यावं, एवढंच बघत होतो."

मग मामा किनवटला जाऊन अक्कांना घेऊन आले. पंचमीला मला बोलावणं आलं. "तुम्ही वाचा, सर. माझा आवाज निघायचा न्हाई."

मामांनी बहिणीपुढे मोबाइल धरला. अक्कांनी लगेच अंगठा पुढे केला. "कुठं लावू?"

"आता लावायचा न्हाई, अक्का. आयक फक्त."

मी दोन्ही नावं वाचली. अर्धं घर तुमचं आहे, असं समजावून सांगितलं. अक्का मोबाइलकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. मामांचा चेहरा पार उतरला.

आतून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग अक्कांचा.

"दिगू, तुला साखर किती टाकू?"

मामांनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

"दोन चमचे," मी आत ओरडून सांगितलं.