दिलसुखनगरी जुनी बाटली सर जाहली

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, आदितवारी सायंकाळी हैदराबाद प्रांती जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा, पदरचे कमीजास्त न करिता, लिहिला जातो.

दिलसुखनगरी तिसऱ्या मजल्यावर राजश्री भगवंतराव, रेल्वेचे निवृत्त गार्ड, नांदत होते. त्यांची कन्या चिरंजीव रेणू क्यालिफोर्निया मुलुखी चाकरीस. ती सुटीस आली आणि तिकडील लाल वाइनच्या दोन बाटल्या स्वेटरांत गुंडाळून घेऊन आली, त्याही आपल्या जन्मसालच्या, अठ्ठावीस वर्षे मुरलेल्या. मग मसलत जाहली की मटणासमवेत त्या प्याव्या आणि सिकंदराबादेहून व्याही एकनाथराव यांस पाचारण करावे. कुटुंब सौभाग्यवती भामाबाई यांणी मटण कबूल केले, परंतु आपण थेंबास शिवणार नाही ऐसे फर्माविले.

एकनाथराव दाखल जाहले आणि बाटली पाहोन बोलिले, "व्याहीबुवा, इतकी जुनी म्हणजे सिरका झाला असंल. फोडणीत घाला की!"

भगवंतराव हसले. पहिली बाटली उघडोन वास घेतला, तो खराच सिरका, नाकास झोंबणारा आंबट! एकनाथरावांनी मिशीवर हात फिरविला. रेणूचे तोंड उतरले, कारण वर्षभर शोध करून तिने त्या मिळविल्या होत्या. ते पाहोन भगवंतरावांचे काळीज तुटले, आणि मग दुसऱ्या बाटलीवर ते खासा चालून गेले.

बूच जुने, भुसभुशीत. स्क्रू फिरविला, तो अर्धे हाती आले आणि अर्धे आत ठाण मांडोन बैसले. सुरीने मोर्चा लाविला, दाभणाने लाविला, निभाव लागेना. अखेर बुचाचा चुरा होऊन वाइनीत बुडाला आणि मजलसीत हाहाकार उडाला.

ते समयी भामाबाई श्रीखंडाचा चक्का बांधावयाचे फडके घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या. "सरका हो. हलवू नका, खाली गाळ आहे," ऐसे म्हणोन काचेच्या भांड्यावर फडके धरिले आणि धार ऐसी बारीक सोडिली की चुरा, गाळ तमाम गिरफ्तार जाहला आणि खाली डाळिंबी रंग उतरला.

प्रथम घोट भगवंतरावांनी घेतला. मग ते डोळे मिटूनच बोलिले, "जांभूळ. आणि मागून चंदनासारखं कायतरी. रेणू, तू झालीस तेव्हा मी काझीपेटला गाडीवर होतो. खबर तिसऱ्या दिवशी लागली. पेढेसुद्धा वाटले नाहीत गं."

रेणूने बापाचा हात धरिला. भामाबाईंनी आपलाच हुकूम मोडोन पेला पुढे केला, मटणाचा घास घेतला, वर घोट घेतला आणि म्हणाल्या, "अजून घाला हो. तिखट कसं मऊ होतंय बघा!" आणि ऐशा हसू लागल्या की पदर तोंडात धरावा लागला. एकनाथराव शरण येऊन तीन वेळा पेला भरून घेते जाहले.

मग भगवंतराव सज्जात धावले आणि तमाम गल्लीस पुकारा केला, "आम्हांला मुलगी झाली!"

खालच्या मजल्यावरून जबाब आला, "मुबारक हो, गार्डसाब!"

सारांश, एक बाटली सिरका होऊन रणी कामास आली, एक सर जाहली, मटणाचे पातेले रिकामे, जखमी कोणी नाही. फत्ते पक्की. मोर्तब असे.